चित्र आले, आवाज कुठे राहिला?

(द्वितीय वर्ष कला)

मी चौथीत असतानाची गोष्ट. सन २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीचे उद्घाटन होते. माझ्या बाबांनीही दोनशे रुपये दिले होते आणि ते कामाचा खाडा करून आले होते. झेंडावंदन झाले, नारळ फुटला, गुरुजींनी लॅपटॉपची तार टीव्हीला जोडली आणि पडद्यावर रंगीत चित्र उमटले. टाळ्या झाल्या. मग आमच्या पुस्तकातली कविता लावली. चित्रातली मुले तोंडे हालवीत होती, पण आवाज मात्र डास गुणगुणावा तसा लॅपटॉपमधूनच येत होता. मागच्या रांगेतली माणसे ओरडली, "आवाज वाढवा हो!" गुरुजींनी रिमोट दाबला. पडद्यावर आकडा वाढत वाढत शंभरापर्यंत गेला, तरी टीव्ही मुका तो मुकाच. शेवटी गुरुजींनी ती कविता स्वतःच म्हटली.

पुढे वर्षभर त्या टीव्हीवर आम्ही चित्रे पाहिली, परंतु आवाज काही ऐकला नाही. हळूहळू त्यावर कापड पडले. त्या दिवशी आवाज कुठे राहिला, हा प्रश्न मात्र माझ्या मनात जवळजवळ दहा वर्षे राहिला. त्याचे उत्तर मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मिळाले. ते उत्तर म्हणजेच प्रस्तुत लेख होय.

आमचेच गाव असे होते असे नाही. २२ जून २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा निर्णय काढला, आणि त्यानंतर खेडोपाडी 'डिजिटल शाळा' उभ्या राहू लागल्या. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात तर जिल्हा परिषदेच्या हजाराच्या वर शाळा अशा झाल्या. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरीस असलेले श्री. हर्षल विभांडिक यांनी त्यासाठी गावोगाव फिरून लोकवर्गणीची चळवळ उभी केली. लोकांनी आपल्या घामाचे पैसे दिले. असे पैसे देऊन आणलेली वस्तू केवळ एका तारेअभावी मुकी राहू नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

आधीच सांगतो, मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. विज्ञानाच्या पुस्तकाशी दहावीनंतर माझा संबंध उरलेला नाही. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी चूकभूल पदरात घ्यावी.

संगणक आला, पण पडदा नाही

गेल्या उन्हाळ्यात मी केळीच्या गाड्या भरण्याच्या कामावर जात होतो. त्या पैशांतून एक जुना, कचेरीत वापरलेला छोटा संगणक साडेचार हजारांना घेतला. आकाराने तो आपल्या ग्रंथालयातल्या जाड शब्दकोशाएवढा. कळफलक आणि माऊस त्याबरोबर मिळाले, परंतु पडदा नव्हता. पडद्याला आणखी तीन-चार हजार लागणार होते आणि माझ्या खिशात परतीचे एसटीचे भाडे तेवढे उरले होते.

घरी बत्तीस इंची टीव्ही होता. दोन वर्षांपूर्वी कापूस विकल्यावर बाबांनी तो घेतला. आमच्या घरातली ती सर्वांत महागडी वस्तू. संगणक त्यालाच जोडावा असे मी ठरवले, तेव्हा आजी म्हणाली, "पाह्य रे भो, टीव्ही जयून जाईन." बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचीच मला जास्त भीती वाटली.

टीव्हीला संगणक जोडणे ही काही नवी युक्ती नाही. किंबहुना घरगुती संगणकाचा जन्मच टीव्हीच्या आधाराने झाला. इंग्लंडमध्ये १९८१ साली निघालेला बीबीसी मायक्रो किंवा १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम यांना स्वतःचा पडदा नसे. ते घरातल्या टीव्हीच्या अँटेनाच्या खोबणीत जोडत. संगणकाच्या आत एक छोटे यंत्र असे, ते चित्राला टीव्हीच्या एखाद्या वाहिनीचे रूप देई. म्हणजे घरातल्या घरात एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच! आपल्या देशातही १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना सुरू केली, तीत हेच बीबीसी मायक्रो वापरले गेले. गंमत अशी की या दोन्ही संगणकांचा आवाज टीव्हीतून येत नसे. तो संगणकाच्याच पोटातल्या छोट्या भोंग्यातून येई. चित्र एका वाटेने आणि आवाज दुसऱ्या वाटेने, ही फारकत तेव्हापासूनची आहे. आमच्या शाळेतल्या फजितीचे मूळही हेच.

आधी भोक पाह्य

संगणकाच्या पाठीमागे मला एक निळी, पंधरा छिद्रांची खोबण दिसली. टीव्हीच्या मागे तशी खोबण नव्हती. तेथे एचडीएमआय नावाच्या दोन चपट्या खोबणी होत्या. मी जळगावच्या एका दुकानात गेलो आणि सांगितले, "एका टोकाला ही आणि दुसऱ्या टोकाला ती बसेल अशी तार द्या." दुकानदाराने तशी तार दिली. एकशे ऐंशी रुपये. "चालेल ना?" विचारले, तर म्हणाला, "लागून जाईल." लागली खरी, दोन्ही टोके घट्ट बसली. पण पडद्यावर एकच वाक्य, 'नो सिग्नल'. दुकानदाराने तार परत घेतली नाही.

जामनेरला टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे तार घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेतली, हसले आणि म्हणाले, "आधी भोक पाह्य, मंग तार घे." मग चहा पाजून तासभर समजावले. त्या तासात जे कळले तेच आता माझ्या शब्दांत सांगतो.

ती निळी, पंधरा पिनांची खोबण म्हणजे व्हीजीए. आयबीएम कंपनीने १९८७ साली ती आणली. तिच्यात तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या तीन तारा असतात. रंग जितका उजळ तितका त्या तारेतला विजेचा दाब जास्त. शून्य व्होल्ट म्हणजे काळोख आणि सुमारे ०.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण उजेड. या दोहोंच्या मधल्या असंख्य पायऱ्यांवर तो दाब सतत वरखाली होत असतो. आणखी दोन तारा वेळ सांगतात. एक म्हणते 'ओळ संपली', दुसरी म्हणते 'चित्र संपले, पुन्हा वरून सुरू करा'.

एचडीएमआयची पद्धत निराळी आहे. तिचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये ठरले. तिच्यात चढउतार नसून आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत मांडून तो शून्य आणि एक अशा खुणांनी पाठवला जातो. पूर्ण एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. असे चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायचे, म्हणजे दर सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाखांहून अधिक ठिपक्यांचा हिशेब!

आता माझी तार का चालली नाही ते पाहा. व्हीजीए म्हणजे तोंडी निरोप सांगणारा माणूस आणि एचडीएमआय म्हणजे फक्त लेखी चिठ्ठी घेणारी कचेरी. या दोघांमध्ये नुसता रस्ता बांधून भागत नाही. तोंडी निरोप ऐकून तो लिहून देणारा एक कारकून मध्ये बसवावा लागतो. माझी तार म्हणजे नुसता रस्ता होता. कारकून असलेल्या डबीला 'कन्व्हर्टर' म्हणतात. कारकुनाला भाकरी लागते तशी या डबीलाही वीज लागते, म्हणून तिला बहुधा यूएसबीची वेगळी शेपटी असते. व्हीजीएपासून एचडीएमआयकडे नेणारी डबी आणि एचडीएमआयपासून व्हीजीएकडे नेणारी डबी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. दिसतात मात्र सारख्या. घेताना बाणाची दिशा पाहूनच घ्यावी.

शाळेतला आवाज असा राहिला

एवढे ऐकल्यावर मी काकांना शाळेची हकीगत सांगितली. त्यांनी लगेच विचारले, "लॅपटॉपची तार निळ्या टोकाची होती का?" होती. मला ती नीट आठवत होती, कारण तिच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू गुरुजींनी आवळले होते.

मग उत्तर सोपे होते. व्हीजीएच्या पंधरा पिनांमध्ये आवाजाची एकही तार नसते. पंधरापैकी एकीवरही आवाज चढलेला नसताना तो टीव्हीत उतरणार कसा? रिमोटने आवाज वाढवणे म्हणजे टीव्हीत जे आले असेल ते कित्येक पटींनी मोठे करणे. जेथे काही आलेच नाही तेथे शून्याला शंभराने गुणले तरी शून्यच. गुरुजींची चूक नव्हती आणि टीव्हीतही दोष नव्हता. फक्त आवाजासाठी दुसरी तार हवी होती.

ज्या टीव्हीला व्हीजीएची खोबण असते, त्याच्या बहुधा शेजारीच एक बारीक गोल छिद्र असते. त्यावर 'पीसी ऑडिओ' असे किंवा तशा अर्थाचे लिहिलेले असते. लॅपटॉपला ज्या छिद्रात आपण कानातले यंत्र लावतो त्या छिद्रापासून टीव्हीच्या या छिद्रापर्यंत, दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली तार लावली की आवाज टीव्हीतून येतो. काम एवढेच.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम शाळेत गेलो. कापड काढून टीव्हीच्या मागे डोकावलो. निळ्या खोबणीशेजारी ते छिद्र होतेच. त्यात कोणी कधी काही घातलेले नव्हते, नुसती धूळ बसली होती. मी साठ रुपयांची तार घेऊन गेलो होतो. शाळेच्या जुन्या लॅपटॉपला ती लावली. पहिलीची मुले आवाज ऐकून दचकली आणि मग खिदळली. मला मात्र हसू येईना. साठ रुपयांच्या तारेपायी किती मुले कविता न ऐकता पुढच्या वर्गात गेली असतील, हा हिशेब मनात येत राहिला.

एकाच तारेत दोन प्रवासी

आता माझ्या घरच्या संगणकाकडे वळू. काकांनी सांगितले म्हणून मी त्याच्या पाठीमागे पुन्हा नीट पाहिले. निळ्या खोबणीच्या बाजूला आणखी एक खोबण होती. दिसायला एचडीएमआयसारखीच, पण तिचा एक कोपरा कापल्यासारखा. तिला डिस्प्लेपोर्ट म्हणतात. कचेरीतल्या छोट्या संगणकांना ती पुष्कळदा असते. हीसुद्धा आकड्यांची भाषा बोलते आणि चित्राबरोबर आवाजही नेते. तिच्यावर इंग्रजी 'डी' आणि 'पी' अक्षरांच्या खुणेजवळ दोन अधिकचिन्हे असतील तर ती गरज पडल्यास एचडीएमआयच्या भाषेतही बोलू शकते. त्यामुळे साधी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय तार चालते, मध्ये महागड्या डबीची गरज नाही. मात्र ही तार एकेरी आहे. संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीकडे एचडीएमआय असेल तरच. उलट दिशेने ती चालत नाही. ही तार मला साडेतीनशेला मिळाली.

एचडीएमआयमध्ये चित्र आणि आवाज एकाच तारेतून कसे जातात, याचे मला फार नवल वाटले. आवाजाला वेगळी तार नाही, मग तो बसतो कोठे?

शेत नांगरताना पाहिले आहे ना? औत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला तास पाडत जाते आणि बांधाशी वळते. वळण्यात थोडा वेळ जातो, त्या वेळात तास पडत नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत असेच होते. इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एक ओळ काढी, मग पुढच्या ओळीसाठी परत फिरे. सगळे चित्र संपले की तळापासून पुन्हा वर जाई. त्या वळणाच्या वेळात चित्र पाठवत नसत. आजच्या चपट्या टीव्हीत झोत नाही, तरी तो रिकामा वेळ पद्धत म्हणून राहिला. एचडीएमआयने त्याचाच उपयोग केला. ओळींच्या आणि चित्रांच्या मधल्या या मोकळ्या वेळात आवाजाचे आकडे भरून पाठवले जातात. औत वळताना मधल्या मोकळ्या जागेत चवळी टोवावी, तसे.

या तारेत एकोणीस पिना असतात. त्यांतल्या काही चित्र आणि आवाज नेतात, तर काही ओळख करून घेण्यासाठी असतात. सोयरीक जुळवताना आधी गाव कोणते, आडनाव कोणते, मामा कुठले, हे विचारतात. तद्वतच तार लागल्याबरोबर संगणक टीव्हीला विचारतो, "आपण कोण? आपला पडदा किती ठिपक्यांचा? आपणास आवाज चालतो काय?" टीव्हीच्या आत ही माहिती लिहिलेली असते. ती वाचून संगणक त्याला पेलेल असे चित्र पाठवतो. म्हणूनच टीव्ही आधी सुरू करून, रिमोटवरच्या 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटणाने आपली तार असलेली एचडीएमआय खोबण निवडावी आणि मग संगणक सुरू करावा. टीव्हीला दोन खोबणी असतील तर पहिली की दुसरी हे नीट पाहावे. 'नो सिग्नल' दिसले की पुष्कळदा चूक एवढीच असते.

चित्र आले, आणि पुन्हा आवाज नाही!

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोन्ही यंत्रे बंद ठेवून तार लावली. टीव्ही सुरू केला, संगणक सुरू केला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग निळे चित्र आले. धाकटी बहीण दहावीत आहे. ती ओरडलीच. मी तिच्या इंग्रजीच्या धड्याची ध्वनिफीत लावली आणि काय सांगावे, आवाज नाही! क्षणभर मला ती शाळा, तो शंभराचा आकडा आणि मागची रांग सगळे आठवले.

या वेळी मात्र मी घाबरलो नाही. तार आवाज नेणारी आहे हे मला ठाऊक होते. म्हणजे आवाज गाडीत चढलाच नसावा. संगणकाला आवाज बाहेर काढायला अनेक दारे असतात. त्याचे स्वतःचे हिरवे छिद्र हे एक दार, एचडीएमआय हे दुसरे. माझा संगणक जुन्या सवयीने हिरव्या छिद्रातूनच आवाज पाठवत होता. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भोंग्याचे चित्र असते. त्यावर टिचकी मारून आवाज कोठे पाठवायचा त्याची यादी उघडली. तीत आमच्या टीव्हीचे नाव होते. ते निवडले आणि घरभर इंग्रजी घुमले. आजी म्हणाली, "हयू कर रे, लोकं काय म्हंतीन!"

त्यानंतर दोन किरकोळ अडचणी राहिल्या. पहिली, चित्राच्या कडा कापलेल्या दिसत होत्या. खालची पट्टी अर्धी गायब. याचेही मूळ काचेच्या टीव्हीत आहे. त्या काळी चित्राच्या कडा वेड्यावाकड्या दिसू नयेत म्हणून चित्र थोडे मोठे करून त्याच्या कडा चौकटीआड लपवत. चपट्या टीव्हीला याची गरज नाही, तरी पुष्कळ संच अजून तसेच करतात. चित्रपटात हे कळत नाही, संगणकात मात्र बटणेच दिसेनाशी होतात. टीव्हीच्या चित्रमापाच्या यादीत 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो निवडला की कडा परत येतात.

दुसरी, अक्षरे धूसर होती. आमचा टीव्ही पूर्ण एचडी नव्हे, आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असलेला, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपक्यांचा. त्याला जर वीस लाख ठिपक्यांचे चित्र पाठवले तर तो दोन ठिपक्यांचा ऐवज एकात कोंबतो आणि अक्षरांचे पाय मोडतात. संगणकाच्या पडद्याविषयीच्या मांडणीत टीव्हीच्या मूळ ठिपक्यांइतके किंवा त्याच्या सर्वांत जवळचे माप निवडावे. अक्षरे लहान वाटली तर ठिपक्यांचे माप कमी करू नये, त्याऐवजी अक्षरांचे प्रमाण सव्वापट किंवा दीडपट करावे. तसेच टीव्हीवर 'पीसी' नावाची चित्रपद्धत असल्यास ती लावावी. नाहीतर टीव्ही अक्षरांनाही सिनेमासारखा साजशृंगार करू पाहतो.

घरी जुनाच टीव्ही असेल तर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून काचेचा, पाठीला पोक असलेला टीव्ही असेल. त्याला पिवळी, पांढरी आणि तांबडी अशी तीन गोल छिद्रे असतात. पिवळ्यातून चित्र जाते, पांढऱ्यातून डाव्या बाजूचा आणि तांबड्यातून उजव्या बाजूचा आवाज. एचडीएमआयपासून या तीन रंगांकडे नेणारी कारकुनी डबी मिळते आणि तिनेही संगणक जोडता येतो. परंतु अपेक्षा बेताचीच ठेवावी. आपल्याकडची जुनी टीव्हीपद्धत ६२५ ओळींची, त्यांतल्या सुमारे ५७६ ओळीच चित्राच्या. शिवाय उजेड आणि रंग हे दोन्ही एकाच पिवळ्या तारेत कोंबलेले असतात. त्यामुळे चित्रपट किंवा व्याख्यान ठीक दिसते, पण बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. ऐकण्यासाठी उपयोगी, अभ्यासाच्या वाचनासाठी नाही.

थोडी सावधगिरी

आजीची भीती अगदीच निराधार नव्हती, म्हणून हेही सांगतो. तार लावताना आणि काढताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत. आपल्याकडे पुष्कळ घरांत तीन छिद्रांचा बोर्ड असतो, पण त्याच्या तिसऱ्या छिद्राला जमिनीची तार जोडलेलीच नसते. अशा घरात संगणकाच्या धातूच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. तो थोडासा विजेचा प्रवाह जमिनीत जायला वाट शोधत असतो. अशा वेळी तार लावली तर तो टीव्हीच्या नाजूक खोबणीतून वाट काढू शकतो, आणि आवाजात घुंऽऽ असा सूर येतो तो निराळाच. वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे. मृगाच्या वादळात विजा कडाडू लागल्या की बोर्डातली पिन तर काढावीच, पण छतावरच्या छत्रीची तारही टीव्हीतून काढून ठेवावी. शेवटी, तार बसत नसेल तर जोर करू नये. जेथे जोर लागतो तेथे बहुधा खोबण चुकलेली असते.

हा सगळा खटाटोप कशासाठी

बहिणीचा अभ्यास सुरू झाला, माझी टिपणे लिहिणे सुरू झाले. चार दिवसांनी बाबा जवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "यावर आपला सातबारा दिसेल का?"

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा माहितीसाठी विनाशुल्क पाहता येतो. कचेरीत चालणारी डिजिटल सहीची प्रत वेगळी. मोबाईलचे इंटरनेट संगणकाला देऊन मी गट क्रमांक घातला आणि उतारा मोठा केला. बत्तीस इंची पडद्यावर बाबांचे नाव हाताच्या बोटाएवढ्या अक्षरांत आले. बाबा चौथी शिकलेले. आजवर त्यांचा सातबारा दुसऱ्यानेच वाचून दाखवला होता, कारण कागदावरची ती बारीक, पुसट अक्षरे त्यांना लागत नसत. त्या रात्री ते उभे राहिले, पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले. 'इतर हक्क' या रकान्यापाशी ते थांबले. तीन वर्षांपूर्वी फेडलेल्या पीक कर्जाचा बोजा तेथे तसाच होता.

बाबांनी दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून कर्जफेडीची पावती काढली. बोजा कमी करण्याचा अर्ज मी लिहिला, सही त्यांनी केली. अर्जाची पोच आमच्याकडे आहे. निकाल यायचा आहे.

वाचकहो, मी काही मोठा शोध लावलेला नाही. साडेतीनशे रुपयांची तार योग्य खोबणीत लावली, इतकेच. परंतु ज्यांच्या घरी या गोष्टी सांगणारे कोणी नसते, त्यांना 'लागून जाईल' म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि 'का लागेल' हे सांगणारा एखादाच. मला तो काकांच्या रूपाने भेटला. आपणांपैकी कोणाच्या घरी किंवा गावच्या शाळेत एखादा टीव्ही कापडाखाली मुका बसला असेल, तर पाठीमागे एकवार डोकावून पाहा. चित्र कोणत्या वाटेने जाते आणि आवाज कोणत्या, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर सापडले नाही तर मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या ओट्यावर मला भेटा. निदान ती एकशे ऐंशी रुपयांची तार कोणती घेऊ नये म्हणून दाखवायला माझ्या पिशवीत असतेच.